वारा नसताना केळ पडते तेव्हा: कांदा पोखरणाऱ्या सोंड्याचा माग

चवथ पंधरा दिवसांवर आलेली असते. लोंगर, म्हणजे केळ्यांचा घड, भरत आलेलं, देवापुढं कुठलं ठेवायचं आणि बाजारात कुठलं न्यायचं हे मनात ठरलेलं. आणि सकाळी वाडीत जावं तर केळ लोंगरासकट आडवी. रात्री वारा नव्हता, वानरं आली नव्हती, कुणी हात लावलेला नाही.

आमच्या पोफळीच्या बागेत हे तीन वर्षं झालं. पहिल्या वर्षी मी वाऱ्याला बोल लावला आणि बांबूचे टेकू दिले. दुसऱ्या वर्षी केळी अशक्त दिसतात म्हणून खत वाढवलं. तिसऱ्या वर्षी चिडून पडलेल्या केळीचा कांदा (जमिनीतला गड्डा) कोयत्याने उभा चिरला, तेव्हा आत पेन्सिल जाईल एवढे बोगदे, तपकिरी भुसा आणि त्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. आधीचे टेकू आणि खत दोन्ही वाया गेले होते. तेव्हापासून आजूबाजूला कुणाची केळ अशी पडली की मला हाक येते. बहुतेक वेळा तोच किडा, कांदा पोखरणारा सोंडा, निघतो. पण नेहमी नाही, आणि म्हणूनच खाली क्रम लावून दिलाय. फुकटच्या तपासण्या आधी, घाम काढणाऱ्या नंतर.

लक्षणं

पडणं हे शेवटचं लक्षण. त्याच्या कितीतरी आधी केळ सांगत असते, आपलं लक्ष नसतं. नवीन पानं आखूड येतात, पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, बारीक निघतो. खालची पानं वेळेआधी पिवळी पडून खोडाला लोंबतात. शेजारच्या केळीला लोंगर आलं तरी हिला येत नाही, आणि आलं तर फण्या कमी, केळी बोटासारखी. बुंध्यातून फुटलेल्या लहान पिलांचा मधला पोंगा सुकून मरतो. खोडाला हाताने हलवलं तर बुंध्यातून डुगडुगते. मग एखाद्या दिवशी, बहुधा लोंगराचा भार वाढल्यावर, आडवी.

यातलं एकही लक्षण या किड्याचं एकट्याचं नाही. अन्न कमी पडलं, पाणी साचलं, मुळं सडली, तरी केळ अशीच दिसते. त्यामुळे पानं बघून औषध आणायला धावू नका.

आणखी एक खूण मात्र मला फार बोलकी वाटते: पहिलं पीक चांगलं गेलं, दुसऱ्या पिलाला जरा कमी आलं, तिसऱ्या-चौथ्याला बेटच बसलं. असं असेल तर सोंड्याचा संशय पक्का धरा. का, ते पुढच्या भागात.

हा किडा उडत नाही, चालतो

केळीचा कांदा पोखरणारा सोंडा म्हणजे १० ते १५ मिलिमीटर लांबीचा, काळा, टणक पाठीचा, पुढे वाकडी सोंड असलेला भुंगा. शास्त्रीय नाव कॉस्मोपॉलिटिस सॉर्डिडस. माडाच्या लाल सोंड्याचा हा भाऊबंद, पण आकाराने बराच लहान. हातात घेतला की पाय आखडून मेल्याचं सोंग करतो. माझ्या पुतण्याने मेलेले समजून मूठभर भुंगे अंगणात टाकले, चहा होईपर्यंत सगळे पसार.

दिवसा तो सोपटाच्या (खोडाच्या सुट्या थराच्या) खाली, ओल्या पाचोळ्यात, कुजणाऱ्या खुंटात दडून बसतो आणि रात्री बाहेर पडतो. पंख आहेत, पण उडताना जवळजवळ कधी दिसत नाही. बरेचसे भुंगे महिनोन्महिने त्याच बेटाच्या आसपास वावरतात. मादी जमिनीलगत कांद्यात किंवा सोपटाच्या बुडाशी सोंडेने खळगा करते आणि त्यात एकच अंडं घालते. आठवड्याला एक ते तीन अंडी, एवढाच तिचा वेग. आठवडाभराने अळी निघते, पाय नसलेली, पांढरी, तपकिरी डोक्याची. ती कांद्यातच खाते, कांद्यातच कोष करते. अंड्यापासून भुंगा व्हायला उष्ण हवेत साधारण दीड-दोन महिने लागतात. आणि भुंगा झाल्यावर तो दोन वर्षांपर्यंतही जगू शकतो.

हे सगळं नीट वाचलंत तर उपाय आपोआप कळेल. इतका सावकाश वाढणारा, न उडणारा किडा तुमच्या बागेत वाऱ्यावर आलेला नाही. तुम्ही तो पिलाच्या कांद्यातून आणलात, आणि कापलेल्या केळींचे खुंट ठेवून त्याला दोन-तीन वर्षं पोसलात. मी पण तेच केलं होतं. हल्ली कुणी वानोळा म्हणून पिल देऊ केलं की मी आधी त्याचा कांदा बघतो, मग आभार मानतो.

पहिली तपासणी: कशी पडली ते बघा

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. पडलेली केळ हलवण्याआधी तिच्या बुडाशी उकिडवे बसा.

केळ कांद्यातूनच मोडली असेल, म्हणजे खालचा अर्धा कांदा जमिनीत आणि वरचा खोडाबरोबर, आणि मोडलेल्या जागी भोकं दिसत असतील, तर सोंडा. अळ्यांनी आतून पोखरलेला कांदा भार पेलत नाही, तो तिथेच तुटतो.

केळ अख्ख्या कांद्यासकट उपटून आली असेल आणि मुळं आखूड, काळी, तुटकी असतील, तर आधी सूत्रकृमींचा, म्हणजे मुळं खाणाऱ्या बारीक कृमींचा, विचार करा. मुळांना धरून ठेवायची ताकद उरत नाही म्हणून केळ मुळासकट उलथते. एक जाडसर, अजून जिवंत असलेलं मूळ नखाने उभं चिरा. आत तांबूस-तपकिरी चट्टे दिसले तर सूत्रकृमी जवळजवळ नक्की. सोंडा आणि सूत्रकृमी एकाच बेटात एकत्र नांदतात, हेही लक्षात ठेवा. एक सापडला म्हणून दुसरा शोधायचं थांबू नका.

केळ मधूनच, कमरेच्या उंचीवर मोडली असेल तर तो बहुधा दुसरा सोंडा, खोड पोखरणारा. त्याची खूण ठळक असते: खोडावर बारीक भोकं आणि त्यातून पाझरलेला चिकट, जेलीसारखा डिंक. केळ पाचेक महिन्यांची झाल्यावर हा लागतो, आणि तो चांगला उडतो. त्यामुळे त्याच्यासाठी कांदा तासत बसण्यात फारसा अर्थ नाही. सुकलेली पानं आणि सैल सोपटं वेळच्या वेळी काढायची, लागलेली केळ कापून तुकडे करायची. या लेखात मी कांद्यातल्या सोंड्याबद्दलच बोलतोय.

आणि मुळं धडधाकट, कांदा पांढराशुभ्र, तरी केळ उलथली असेल तर खरोखरच वारा, उथळ लावण किंवा पावसाने उघडा पडलेला बुंधा. माती ओढा, टेकू द्या, विषय संपला.

दुसरी तपासणी: कोयत्याची धार

पडलेली नाही, पण संशय आहे, अशी केळ कशी तपासायची? उभी केळ मुळीच खणू नका. नुकतंच लोंगर उतरवलेल्या केळीचा खुंट घ्या. माती बाजूला करून कांदा उघडा पाडा आणि वरून आडवे काप काढत खाली जा, सुरण कापतो तसे.

निरोगी कांदा पांढरा, रसरशीत असतो. बाहेरच्या सालीवर दोन-चार भोकं असतील तर काळजीचं कारण थोडं, कारण बरेच बोगदे सालीलगतच राहतात. पण आतल्या गोल गाभ्यात बोगदे गेले असतील तर नुकसान मोठं, कारण मुळांकडून वर जाणाऱ्या वाटा तिथेच आहेत. मी किती भोकं हे मोजत नाही. गाभ्यात शिरली की नाही, एवढंच बघतो.

कांदा बोगद्यांऐवजी मऊ, पाणचट झालेला असेल आणि नाकाला रुमाल लावावा असा वास येत असेल तर ती जिवाणूंची कूज आहे. तिथे निचऱ्याचे चर खणा, किडा शोधू नका. कूज झालेल्या कांद्यात इतर लहान अळ्या नंतर येतात, त्या बघून फसू नका. सोंड्याच्या अळीला पाय नसतात आणि ती भुशाने भरलेल्या बोगद्यात सापडते.

खोडाचा आडवा काप घेतल्यावर आत लालसर-तपकिरी ठिपक्यांची वर्तुळं, उभ्या कापात तशाच रेघा, आणि बाहेर पानं कडेकडून पिवळी होऊन देठाशी मोडलेली दिसली, तर इथेच थांबा. हा पनामा मर रोग असू शकतो. कोयता दुसऱ्या केळीला लावू नका, पिलं कुणाला देऊ नका, बुटांची माती त्याच जागी झाडा. ही बुरशी मातीतून पसरते आणि मातीत वर्षानुवर्षं राहते. तिचा टीआर-४ नावाचा आक्रमक प्रकार बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या बागांत आढळलेला आहे. मर की नाही हे डोळ्यांनी ठरवायची गोष्ट नाही. कृषी विज्ञान केंद्राला किंवा विद्यापीठाच्या रोगशास्त्र विभागाला कळवा आणि त्यांनी येऊन नमुना घेईपर्यंत त्या बेटाला दोरी बांधून ठेवा.

तिसरी तपासणी: एका रात्रीचा सापळा

कांद्यात बोगदे दिसले म्हणजे किडा होता. आज आहे का आणि किती आहे, हे सापळा सांगतो. जुने बोगदे बघून मेहनत करणारे लोक मी पाहिलेत, किडा केव्हाच दुसऱ्या बेटाखाली गेलेला.

लोंगर उतरवलेल्या केळीच्या ताज्या खोडाचा हात-दीड हात लांबीचा तुकडा घ्या आणि उभा चिरा. दोन फाकी होतील. कापलेली बाजू खाली करून प्रत्येक फाक एकेका बेटाच्या बुंध्याशी, पाचोळा सारून, मातीला चिकटेल अशी ठेवा. वर थोडी सुकी पानं टाका. ताज्या कापाचा वास भुंग्यांना ओढून आणतो. खोड जुनं, काळं पडलेलं असेल तर उपयोग कमी.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी फाक उलटा. भुंगे कापाला चिकटलेले किंवा खालच्या मातीत असतात. सोपटांच्या थरांतही बघा. वेचून साबणाच्या पाण्यात टाका. पायाखाली चिरडायला जाऊ नका, मऊ मातीत ते नुसते दाबले जातात.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या ओलीत सापळा बोलतो. मे महिन्यात, जमीन तापलेली असताना, रिकामा सापळा बघून खूश होऊ नका, भुंगे खोल ओलाव्यात असतात. आठ-दहा बेटांशी सापळे लावलेत आणि तीन-चार वेळा उलटून एकही भुंगा नाही, तर मी त्या बागेला सोंड्याच्या यादीतून काढतो. एका फाकेखाली चार-पाच भुंगे नियमित मिळत असतील तर पुढचं वाचा.

हेच सापळे चालू ठेवले की तो उपायही होतो. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी ताजी फाक, नेमाने. हा उपाय सावकाश चालतो आणि एक महिना करून सोडून दिला तर केलाच नाही असं धरा. मादी आठवड्याला एक ते तीनच अंडी घालते, म्हणून वेचलेल्या प्रत्येक भुंग्याला किंमत आहे. माशा किंवा मावा असता तर वेचण्याने काही झालं नसतं.

खुंट: खरं काम इथे आहे

आमच्याकडे लोंगर उतरवलं की केळ कमरेएवढी कापायची आणि सोडून द्यायची, ही पद्धत. त्याचं खत होतं, पिलांना ओल मिळते, हे खरं. पण सोंड्याला तो खुंट म्हणजे घर आणि सुगरण एकाच ठिकाणी.

लोंगर उतरवल्यावर खोड जमिनीलगत कापा. सोपटं सुटी करून, तुकडे करून उन्हात पसरा. सुकलेलं सोपट सोंड्याला नको असतं, पाचोळा म्हणून ते नंतर बेटापासून वीतभर लांब अंथरता येतं. उरलेल्या कांद्याचा माथा शक्य तेवढा तासून वर माती ओढून दाबा. पोफळीच्या दाट सावलीत सुकणं अवघड, हे मला ठाऊक आहे. मी तुकडे पाटापलीकडच्या उघड्यावर नेऊन टाकतो. एक गडी अर्धा दिवस जास्त लागतो. त्या अर्ध्या दिवसाने जेवढा फरक पडला तेवढा विकतच्या कुठल्याच बाटलीने पडलेला मी पाहिलेला नाही.

बुंध्याशी पाचोळ्याचा ढीग नको. बेटात एका मागोमाग एक अशी मोजकीच पिलं ठेवा. दहा-बारा पिलांच्या गर्दीत कोण आजारी आहे हे दिसतच नाही.

पिलं लावण्याआधी

नवी लावण करायची असेल तर पिल त्याच रोगट बेटातून घेऊ नका. नाइलाजाने घ्यायचं तर तलवारीसारख्या अरुंद पानांचं घ्या आणि कांद्याची सगळी मुळं आणि बाहेरची साल कोयत्याने तासून काढा, पांढरं दिसेपर्यंत. तासताना बोगदा आत आत जात राहिला तर ते पिल फेका. जीव तुटतो, पण फेका. तासण्याने अंडी आणि सालीलगतच्या अळ्या निघून जातात, चट्टे पडलेली मुळं गेल्याने सूत्रकृमीही कमी होतात.

तासलेले कांदे गरम पाण्यात बुडवले तर आणखी चांगलं. शिफारस ५२ ते ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात साधारण २० मिनिटांची आहे. यात थर्मामीटर लागतो. हात घालून अंदाज घेऊ नका, पाणी कमी तापलं तर किडा जगतो, जास्त वेळ तापलं तर पिल मरतं. आफ्रिकेत लहान शेतकऱ्यांसाठी याहून सोपी युक्ती शिकवली जाते: तासलेलं पिल उकळत्या पाण्यात फक्त ३० सेकंद. घड्याळ हातात असू द्या.

इथे एक चूक मी स्वतः केली. संध्याकाळी पिलं तासून, धुऊन जुन्या केळींशेजारी रात्रभर ठेवली आणि सकाळी लावली. ताज्या कापाच्या वासाने भुंगे त्यांच्यावरच आले असणार, कारण चार महिन्यांत पोंगे सुकायला लागले. तासलेलं पिल जुन्या बागेपासून लांब ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी लावा. खड्ड्यात मी अर्धा किलो निंबोळी पेंड घालतो.

ऊतीसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं घेतली तर किडा येत नाही, हे अर्धसत्य आहे. रोपाबरोबर येत नाही हे खरं. पण जमिनीत आधीपासून भुंगे असतील तर त्या कोवळ्या कांद्यावर ते तुटून पडतात, आणि लहान रोप मोठ्या पिलापेक्षा लवकर मरतं. जळगावच्या मोकळ्या, दर काही वर्षांनी नांगरल्या जाणाऱ्या शेतात ही रोपं छान चालतात म्हणून आपल्या वीस वर्षं जुन्या बेटांच्या मधोमध चालतील असं नाही.

विकतचे उपाय

बिव्हेरिया बॅसियाना ही बुरशी भुंग्यांना मारते. मी ती सापळ्याच्या कापावर चोळतो, एका फाकेला साधारण २० ग्रॅम. सावली आणि दमट हवा तिला मानवते, त्यामुळे आपल्या बागांत पावसाळा तिच्यासाठी बरा. मात्र त्याच आठवड्यात बुंध्याशी बुरशीनाशक ओतू नका, पैसे दोन्हीकडून जातील. पाकिटावरची तारीख बघून घ्या, ही जिवंत वस्तू आहे.

कामगंध सापळेही मिळतात. नर भुंगा सोडतो तो गंध शास्त्रज्ञांनी ओळखून तयार केला, त्याचं नाव सॉर्डिडिन. बादली काठापर्यंत मातीत पुरायची, आत साबणाचं पाणी. भुंगा चालत येतो आणि आत पडतो. काठ जमिनीच्या वर राहिला तर उडत नसलेला किडा आत येणार कसा? मी पाहिलेल्या निम्म्या सापळ्यांत हीच चूक होती. हेक्टरी पाचेक सापळे सांगतात. पाच-दहा गुंठ्यांच्या वाडीला खोडाच्या फाकाच पुरतात, असं माझं मत.

विषारी कीटकनाशकांबद्दल थोडक्यात. पूर्वी खड्ड्यात फोरेट टाकायचे. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, कुणाच्या माळ्यावर जुनी पिशवी असली तरी ती वापरू नका. खोडात सुईने औषध टोचण्याचा सल्ला दुकानात मिळतो. लोंगर असलेल्या केळीला तसं करू नका, ती केळी कुणीतरी खाणार आहे, आणि आपल्या बागांचं पाणी विहिरीला आणि पाटाला जातं. अळी कांद्याच्या आत असते, बुंध्यावर फवारलेलं तिच्यापर्यंत पोचतही नाही. आज केळीसाठी कुठलं औषध मान्य आहे हे दुकानदाराला नाही, कृषी अधिकाऱ्याला विचारा.

कुठे थांबायचं

पनामा मरचा संशय, हे वर आलंच. मुळांत चट्टे असतील तर माती आणि मुळांचा नमुना सूत्रकृमींच्या तपासणीला द्या, ते साध्या डोळ्यांनी दिसत नाहीत आणि अंदाजाने घातलेलं औषध वाया जातं. सहा महिने खुंट साफ ठेवून, सापळे नेमाने लावूनही भुंग्यांचा आकडा उतरत नसेल, तर शेजारच्या वाडीतून पुरवठा चालू आहे किंवा तुमचं निदान चुकलंय. दोन्हीसाठी जाणत्या माणसाने प्रत्यक्ष येऊन बघायला हवं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीवाल्यांना दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रं, गोव्यातल्यांना जुन्या गोव्याची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था जवळ. जाताना पोखरलेल्या कांद्याचा काप आणि बाटलीत दोन-चार भुंगे न्या. मरचा संशय असेल तर काहीच नेऊ नका, फक्त फोटो.

आणि बागेतल्या बहुतेक खुंटांच्या गाभ्यात बोगदे सापडत असतील तर डागडुजी थांबवा. सगळी बेटं कांद्यासकट उपटा, तुकडे करून सुकवा आणि त्या जागेत निदान वर्षभर केळ लावू नका. भुंगा ओलाव्यात काही महिने उपाशी काढतो, म्हणून दोन महिन्यांची विश्रांती पुरत नाही. तोवर सुरण, आलं, हळद काहीही घ्या. आम्ही सुरण लावला होता. वर्षानंतर नवी पिलं लावली तेव्हा पहिल्याच पावसात जुन्या बेटांच्या जागी सहा फाका ठेवून बघितल्या. दोन भुंगे मिळाले, दोन्ही एकाच फाकेखाली, जिथे माझ्याकडून एक खुंट काढायचा राहून गेला होता.